जुन्या रेकॉर्डवरचा ढावलो

खरं दुःख कोणत्याही भाषेतलं असलं तरी माणसाला ओळखू येतं. हे वाक्य त्या उन्हाळ्यात मी बऱ्याच जणांना ऐकवलं. सकाळी आमच्याबरोबर फिरायला येणाऱ्या एका निवृत्त प्राचार्यांना ते इतकं आवडलं, की पुढच्याच आठवड्यात त्यांनी ते एका शोकसभेत स्वतःचं म्हणून वापरलं. वाक्य मला एका रेकॉर्डमुळे सुचलं होतं, आणि रेकॉर्डचं म्हणाल तर तीही आधी दुसऱ्याच कोणाची होती.

रेकॉर्ड मी उमरखेडला घेतली. एका नातेवाइकाच्या मुलीच्या साखरपुड्याला गेलो होतो. मुहूर्त टळून गेला तरी एका पुढाऱ्याची वाट पाहणं चालू होतं आणि निवेदक माइकवरून त्याच्या गाडीची प्रगती कळवत होता. गाडी महागाव सोडून निघाली असं जाहीर झाल्यावर मी उठलो आणि बाजारात फिरायला गेलो.

पंखे, मिक्सर आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिकच्या दुकानात, उघड्या पडलेल्या कूलरच्या मागे, मला रेकॉर्ड प्लेअर दिसला. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागलो तेव्हापासून मला तो हवा होता. निवृत्त झालो तेव्हा शाल मिळाली.

"चालतो का?" मी विचारलं.

"चालतो म्हंजे? गातो, साहेब. कंपनीचा पट्टा आता भेटत नाई. मी सायकलच्या ट्यूबचा कापून लावला. गोल फिरल्याशी मतलब."

"आणि ही रेकॉर्ड?"

"थे संगंच घेऊन जा. एकच हाय. एका डॉक्टरच्या बंगल्यातलं सामान निघालतं, त्याच्यात आली. मी एक डाव लावली, त आतून आमच्या अम्मीनं इचारलं, कौन मर गया. तवापासून नाई लावली."

कव्हरवर एक गोरी बाई खिडकीत बसली होती. केस मोकळे, पाय अनवाणी, तोंड अर्धं सावलीत. तिचं नाव जिथे असणार तो कोपरा वाळवीनं खाल्ला होता. बाकी कव्हर तिनं सोडून दिलं होतं. मागच्या बाजूला इतकं कळत होतं, की सगळी गाणी बाईनं स्वतःच लिहिली आहेत, स्वतःच चाली लावल्या आहेत आणि या प्रकाराला सॉफ्ट रॉक म्हणतात. मी परत गेलो तेव्हा पुढारी आला नव्हता.

आम्ही राहतो यवतमाळच्या बाहेर, लोहाऱ्याकडे. एमआयडीसीच्या पलीकडे शेतं मोजून लेआउट पाडले, त्यातल्या एकात माझं घर आहे. शेजारच्या घराची आणि आमची भिंत कमरेइतकीच. दुसऱ्या दिवशी दुपारी प्लेअर बैठकीत मांडला आणि सुई ठेवली.

आधी खरखर आली. मग फार लांबून, विहिरीच्या तळाशी कोणी म्हणत असावं तशी, एक बाई गायला लागली. ती लगेच थांबली. आणि मग तोच आवाज, तीच ओळ, या वेळी खोलीत. प्रत्येक गाण्याच्या आधी हे असंच व्हायचं. गाणं सुरू होण्यापूर्वी ते गाणं एकदा लांबून ऐकू यायचं. यात चमत्कार काही नाही. रेकॉर्डवरच्या रेघा फार जवळजवळ कोरल्या की एका रेघेतला आवाज शेजारच्या रेघेत उतरतो. हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं असलं की मान ताठ ठेवता येते. अंगावर काटा यायचा तो येतोच.

आवाज जाड आणि ओढलेला होता. ओळीच्या शेवटी तो खाली बसत जायचा आणि मग बराच वेळ नुसती गिटार, तीही दोराच्या तारा लावल्यासारखी. मला इंग्रजी वाचता येतं, ऐकता येतं असा माझा दावा नाही. एकही शब्द कळला नाही.

"ही बाई गाते आहे, की हिला कोणी गायला बसवलंय?" बायको म्हणाली. कव्हर हातात घेऊन तिनं पाहिलं. "केस सोडून खिडकीत. हिच्या घरी कोणी काही बोलत नाही वाटतं."

मी उत्तर देणार तेवढ्यात लक्षात आलं, की गिटारीच्या मोकळ्या जागेत दुसरंही कोणीतरी आहे. बाई थांबली की तो आवाज सुरू व्हायचा, बाई गायला लागली की थांबायचा. तो बाहेरून येत होता.

भिंतीपाशी शेजारच्या घरातली म्हातारी उभी होती. डोक्यावरून पदर, दोन्ही हात भिंतीवर, डोळे मिटलेले. तिला घरातले सगळे याडी म्हणतात, म्हणजे आई. म्हणून आम्हीही याडीच म्हणतो. महागावकडच्या एका बंजारा तांड्यावर तिचं आयुष्य गेलं. मुलाला एमआयडीसीत मजूर पुरवण्याचं कंत्राट मिळालं, त्यानं इथे दुमजली घर बांधलं आणि आईला आणून पायरीवर बसवलं. ती दिवसभर तिथून फाटकाकडे बघत असे.

"याडी, बरं नाही का?" बायकोनं विचारलं.

"मले काय धाड भरली? मास्तर, बंद नका करू. थे अजून सांगून राह्यली."

दुसऱ्या दिवशी याडी आमच्या व्हरांड्यात येऊन बसली. चहाची बशी हातात धरून तिनं सगळं सांगितलं, तेही भाजीचा भाव सांगावा तसं.

"आमच्यात पोरगी सासरी जाते तवा ढावलो करा लागते. तुमच्यावानी नाकाले रुमाल लावून नाई. गळ्यात पडून, चालीत रडा लागते. एक ओळ पोरगी रडते, एक ओळ माय रडते. मंग पोरगी निंगते."

"आणि नाही रडलं तर?" बायको म्हणाली.

"त थे गेलीच नाई. फाटकापाशी उभी राह्यते."

तिची धाकटी लेक शहरात शिकायला गेली आणि तिथेच कोर्टात लग्न करून मोकळी झाली. भावानं दार बंद केलं. नंबर बदलले, वर्षं गेली. वरात निघाली नाही, म्हणून ढावलो झाला नाही.

"ती जिवंत आहे का, याडी?" माझी बायको असले प्रश्न सरळ विचारते.

"थे मले काय ठाव? उभी हाय, येवढं ठाव हाय."

मी फाटकाकडे पाहिलं नाही. बायकोनं पाहिलं.

अडचण पुढेच होती. याच उन्हाळ्यात याडीच्या नातीचं, म्हणजे त्या मुलाच्या मुलीचं, लग्न ठरलं होतं. याडीचं म्हणणं असं, की एक फाटकात उभी असताना दुसरी बाहेर काढली तर तीही पहिलीच्या शेजारी जाऊन उभी राहते. मग दोघीही ना इकडच्या ना तिकडच्या. आधी पहिलीला लावून द्यायला हवं. पण ढावलो एकटीनं होत नाही. समोरून कोणी रडलंच पाहिजे. तांड्यावरच्या बायांना ती विचारू शकत नव्हती, कारण त्या मुलीचं नाव घ्यायची मुलानं सगळ्यांना बंदी केली होती. आणि अशात शेजारच्या घरात एक बाई चालीत रडायला लागली, उत्तरापुरती जागा सोडून.

"याडी, ती लांबच्या देशातली बाई आहे. गाणं म्हणते आहे. रडत नाही," मी म्हणालो.

"तिची बोली समजते तुमाले?"

"नीट नाही."

"मंग काहून सांगता, रडत नाई म्हणून?"

मी चहाचा कप उचलला.

"बाजा हाय, थे मले बी दिसते," ती म्हणाली. "पण बाजातली बाई कोणाच्या तरी गळ्यात पडूनच रडली असंन ना? थोडं आमच्यासाठी रडली त तिचं काय जाते?"

खऱ्या दुःखाचं ते वाक्य मला सुचलं ते याच दिवशी.

मग रोज दुपारी जेवणं झाली की याडी यायची. मी दुसरी बाजू लावायचो, कारण तिला तीच हवी असे. ती प्लेअरसमोर बसत नसे. दारात, फाटकाकडे तोंड करून बसे. लांबून ती पहिली हाक आली की मान किंचित उचलायची. येताना ती पाण्याचा एक लोटा आमच्या फाटकाबाहेर ठेवायची, वर स्टीलची ताटली झाकून. उभं राहून राहून तहान लागते, एवढंच त्याचं स्पष्टीकरण.

संध्याकाळी लोटा रिकामा असे. यवतमाळच्या उन्हाळ्यात लोटा रिकामा व्हायला भूत लागत नाही. कुत्री आहेत, गाई आहेत.

"कुत्री ताटली परत झाकून ठेवत नाहीत," बायको म्हणाली.

मी म्हटलं, एमआयडीसीतून सुटलेले मजूर याच रस्त्यानं जातात. हे पटण्यासारखं होतं. आम्ही ते पटवून घेतलं.

एका सकाळी याडीचा मुलगा आला. लग्नाचं सांगायला आला होता, पण आधी त्यानं मोबाइलवर लॉनचे फोटो दाखवले. नवरी आकाशातून फुलांच्या पाळण्यात उतरणार होती. नवरदेवाच्या पायाखाली धूर सोडणारं यंत्र होतं. वरून ड्रोन.

"ढग कंचे घेऊ म्हणते थो इव्हेंटवाला. साधे की गुलाबी," तो म्हणाला. मग फोन खिशात ठेवला. "सर, थे रेकॉर्ड बंद नाई का होत? लोक इचारून राह्यले, तुमच्या बाजूले कोण मेलं."

"तुमच्या आईलाच सांगा की."

त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"तिले काय सांगू, सर? बहिणीचं नाव घरात म्याच बंद केलं. आता म्हणू का, रडू बी नको?" उठताना तो म्हणाला, "लग्नाच्या आंधी उरका म्हणा फक्त."

हे बोलणं चालू होतं तेव्हा त्याची मुलगी, होणारी नवरी, भिंतीपलीकडे खुर्ची टाकून बसली होती. फार्मसीची पदवी, कानात इअरफोनची दोन्ही बोंडं, नजर मोबाइलमध्ये. तिला यातलं काही ऐकू येत नाही, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

ऊन वाढत गेलं तसा रेकॉर्डवरचा आवाजही खोल गेला. आधी वाटलं, माझ्या मनाचे खेळ. पण बायकोलाही तसंच वाटत होतं. मार्चमध्ये जी बाई नुसती दुःखी होती, ती मेमध्ये म्हातारी झाली होती. ओळी लांबल्या. मधल्या मोकळ्या जागा लांबल्या. आणि याडीच्या ओळीही तेवढ्याच लांबल्या. दोघी आता एकमेकींना पुरतं बोलू देत होत्या. मी ग्रंथालयात बरीच वर्षं भुताखेतांची पुस्तकं "मनोरंजन" या कपाटात लावली आहेत. त्या दिवसांत ते कपाट चुकलं की काय, असं मला दोनदा वाटलं.

लग्नाच्या आधीच्या आठवड्यात एका दुपारी याडी न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून आली. लोटा भरून ठेवला, ताटली झाकली. "आज लावून देतो तिले," म्हणाली. मुलगा जेवायला घरी आला होता. तो भिंतीपलीकडे उभा राहिला, येत नाही आणि जातही नाही असा.

शेवटच्या गाण्याच्या आधीची ती लांबची हाक आली. गाणं सुरू झालं. पहिल्या ओळीच्या मध्यातच लाइट गेली.

वीज गेली की रेकॉर्ड एकदम थांबत नाही, हे मला ठाऊक होतं, पण पाहिलं नव्हतं. बाईचा आवाज खाली उतरायला लागला. आधी पुरुषाचा झाला. मग बैलाचा. मग ज्याला घसा नाही अशा कशाचा तरी, आणि थांबला. पंखाही थांबला. लेआउटमधलं सगळं काही थांबलं.

याडी थांबली नाही. तिनं आपली ओळ रडून घेतली, मग समोरच्या ओळीपुरती गप्प बसली, मग पुन्हा आपली. तिची मान हलत होती; तिला उत्तर मिळत होतं. मी त्या मोकळ्या जागा ऐकत होतो. त्यांत काही नव्हतं. पण जिथे काही नाही तिथे इतका वेळ कान लावून मी यापूर्वी बसलो नव्हतो. अशाच एका जागेत फाटकाबाहेर ताटली वाजली.

चौघांनीही ती ऐकली. फाटकात कोणी नव्हतं. कुत्रंही नव्हतं. रस्ता एमआयडीसीपर्यंत सरळ दिसतो. त्यावर उन्हाशिवाय काही नव्हतं. याडीनं डोळे उघडले नाहीत.

मग लाइट आली. सुई होती तिथेच होती, आणि तो आवाज गेला तसाच परत वर आला. कण्हणं, मग बैल, मग पुरुष, मग बाई. आणि बाईनं अर्धी राहिलेली ओळ पुरी केली. बायकोनं माझा दंड धरला होता, हे मला संध्याकाळी दिसलं.

गाणं संपल्यावर याडी उठली, फाटकापर्यंत गेली. लोट्यात पाहिलं, तो रस्त्याच्या कडेला पालथा घातला. त्यातून पाणी आलं की नाही, ते इथून दिसलं नाही आणि जाऊन बघावंसं कोणाला वाटलं नाही.

"गेली का?" भिंतीपलीकडून मुलानं विचारलं. ज्या बहिणीचं नाव घ्यायचं नव्हतं, तिच्याबद्दल.

"गेली."

"कुठं?"

"सासरी," याडी म्हणाली. "आता तुही पोरगी काढ."

लग्न ठरल्याप्रमाणे झालं. गुलाबी ढग जरा जास्त सुटले आणि नवरदेवाला स्टेजवर शोधावं लागलं. पाळणा अर्ध्यावर अडकला. नवरी वरून शांतपणे, थो पाळणा हलवा बाप्पा, असं सांगत होती. निवेदकानं यालाही टाळ्या मिळवल्या.

निरोपाच्या वेळी डीजे बंद झाला आणि याडीनं नातीच्या गळ्यात हात टाकले. आम्हाला वाटलं, आता रुमाल निघणार. पोरगी शहरात वाढलेली, ढावलो कुठून येणार तिला. पण पोरीनं आजीच्या खांद्यावर तोंड ठेवलं आणि चालीत रडायला सुरुवात केली. शब्द त्यांच्या बोलीतले होते. याडी उत्तर देत गेली. तांड्यावरून आलेल्या म्हाताऱ्या आधी एकमेकींकडे बघत राहिल्या, कारण ही चाल त्यांच्यातली नव्हती. मग रडायला सोयीची आहे असं दिसल्यावर त्यांनीही धरली. दहाएक बायका ती चाल एकमेकींकडे देत-घेत रडत होत्या आणि वर ड्रोन घोंघावत होता.

चाल मला पाठ होती. दुसरी बाजू, शेवटचं गाणं.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी धुराच्या यंत्राकडे पाहिलं. शेजारच्या खुर्चीवर निवृत्त प्राचार्य होते. त्यांनी डोळे पुसले आणि माझंच वाक्य मला ऐकवलं.

नात सासरी नीट आहे. रोज फोन करते, बहुतेक वेळा स्वयंपाकाबद्दल. याडी अजून पायरीवर बसते, पण आता तोंड घराकडे असतं आणि बहुतेक झोपलेली असते. तांड्यावर त्यानंतर आणखी एका लग्नात तीच चाल रडली गेली, असं तिच्या मुलानं अभिमानानं सांगितलं. लोटा त्यांच्या मोरीत आहे.

दिवाळीच्या सुमारास मेकॅनिकचा फोन आला. नांदेडला एका जुन्या दुकानात त्याला कंपनीचा पट्टा मिळाला होता. मी प्लेअर आणि रेकॉर्ड पिशवीत घालून एसटीनं उमरखेडला गेलो. त्यानं वरचं झाकण काढलं आणि ट्यूबचा पट्टा चिमटीत धरून उचलला. तो मेलेल्या गांडुळासारखा लोंबत होता.

"हा त साफ ढिला पडला, साहेब. गर्मीनं. घसरत असंन. अर्ध्या चालीनंच फिरलं असंन तुमचं मशीन." त्यानं नवा पट्टा बसवला. "आता आयका."

दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं मीच लावलं. आधी ती लांबची हाक आली, पण या वेळी कोणीतरी अंगणातून मैत्रिणीला हाक मारावी अशी. मग एक वीस-बावीस वर्षांची पोरगी घाईघाईनं, जवळजवळ हसत गायला लागली. गिटार तिच्या मागे धावत होती. मोकळ्या जागा उरल्याच नव्हत्या. मेकॅनिक स्क्रू-ड्रायव्हरनं टेबलावर ठेका धरायला लागला. आतून त्याच्या अम्मीनं विचारलं, "किसकी शादी है?"

याडीला मी हे सांगितलेलं नाही. प्राचार्यांनाही नाही.

मेकॅनिकनं मागवलेला चहा गार व्हायच्या आत गाणं संपलं. त्यात मधे टाळ्याही आहेत.